कूस बेची सतरा वर्षं

शुक्रवार, ११ मार्च २०१६. अमेरिकेच्या फेडरल एनर्जी रेग्युलेटरी कमिशननं, म्हणजे केंद्राच्या ऊर्जा नियामक आयोगानं, त्या दिवशी एक आदेश काढला आणि वायू उद्योगाला धक्का बसला. ऑरेगन राज्यातल्या कूस बे बंदरात द्रवरूप नैसर्गिक वायू निर्यात करणारं ‘जॉर्डन कोव्ह’ टर्मिनल आणि त्याला वायू पुरवणारी ‘पॅसिफिक कनेक्टर’ पाइपलाइन, हे दोन्ही प्रस्ताव आयोगानं फेटाळले होते. वायूच्या निर्यात टर्मिनलला आयोगानं नकार देण्याची ती पहिलीच वेळ.

नवल एवढ्यावरच संपत नव्हतं. साडेपाच महिन्यांपूर्वी, ३० सप्टेंबर २०१५ रोजी, याच आयोगाच्या तज्ज्ञांनी प्रकल्पाचा अंतिम पर्यावरण अहवाल प्रसिद्ध केला होता. नद्या, जंगलं, मासे, भूकंप, त्सुनामी या सगळ्यांचा विचार करून त्यांनी निष्कर्ष काढला होता, की हानी होईल, पण सुचवलेले उपाय केले तर बहुतेक हानी आटोक्यात राहील. पर्यावरणाच्या परीक्षेत प्रकल्प उत्तीर्ण झाला होता. आयोगानं तो अडवला तो वेगळ्याच कारणानं. पाइपलाइनचा वायू विकत घेण्याचा करार केलेलं एकही गिऱ्हाईक कंपनीनं दाखवलं नव्हतं, आणि गिऱ्हाईक नसलेल्या पाइपलाइनसाठी शेकडो लोकांच्या जमिनी सक्तीनं घेणं आयोगाला पटलं नाही.

पर्यावरण अहवाल हा प्रकल्पाला हिरवा किंवा लाल कंदील दाखवणारा कागद, अशी आपली समजूत असते. २००४ पासून २०२१ पर्यंत चाललेली जॉर्डन कोव्हची लढाई ही समजूत तपासून पाहायला लावते. या सतरा वर्षांत अहवाल अनेक झाले, मंजुऱ्याही दोनदा मिळाल्या. तरी टर्मिनल उभं राहिलं नाही. ते कुणी आणि कशाच्या बळावर थांबवलं, हे नीट समजून घेण्याजोगं आहे.

कूस बे ऑरेगनच्या दक्षिण किनाऱ्यावर आहे. सॅन फ्रान्सिस्को आणि प्युजेट साउंड यांच्या दरम्यानचं खोल पाण्याचं हे सर्वांत मोठं किनारी बंदर. खाडी आणि समुद्र यांच्या मधोमध नॉर्थ स्पिट नावाचा वाळूचा लांब दांडा पसरलेला आहे. टर्मिनलची जागा याच दांड्यावर होती. गावाची वस्ती सोळा हजारांच्या आसपास. एके काळी जगात सर्वाधिक लाकूड इथून जहाजांवर चढत असे. मग १९८० च्या दशकात लाकडाच्या गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. १९९० मध्ये नॉर्दर्न स्पॉटेड आउल या घुबडाला संरक्षण मिळालं आणि केंद्र सरकारच्या जंगलांतली जुनी झाडं तोडण्यावर कडक मर्यादा आल्या. गावातली तरुण मंडळी कामासाठी बाहेर पडू लागली. कूस बेमध्ये कुठलाही मोठा प्रकल्प येतो म्हटलं, की निम्मं गाव आशेनं त्याच्याकडे का पाहतं, ते या इतिहासावरून कळतं.

उरलेलं निम्मं गाव दुसरा इतिहास विसरलेलं नव्हतं. ४ फेब्रुवारी १९९९ रोजी ‘न्यू करिसा’ हे लाकडाच्या चिपा नेणारं मालवाहू जहाज वादळात नॉर्थ स्पिटच्या किनाऱ्यावर चढलं. इंधन समुद्रात पसरू नये म्हणून जहाजाला आग लावली गेली, त्यात ते दुभंगलं, आणि तरीही सुमारे सत्तर हजार गॅलन तेल पाण्यात गेलंच. जहाजाचा मागचा तुकडा २००८ पर्यंत वाळूत रुतून होता. खाडीतली कालवं, शिंपले आणि डंजनेस खेकडे यांवर पोट असलेल्या लोकांना मोठी जहाजं काय करू शकतात, हे कुठल्या अहवालातून शिकायचं नव्हतं.

२००४ मध्ये जॉर्डन कोव्हची पहिली चर्चा सुरू झाली तेव्हा प्रस्ताव होता वायूच्या आयातीचा. अमेरिकेतलं वायूचं उत्पादन घटत चाललंय आणि देशाला परदेशी वायू लागणार, असं तेव्हा सगळेच तज्ज्ञ सांगत होते. नैसर्गिक वायू उणे १६२ अंश सेल्सियसपर्यंत थंड केला की त्याचं द्रवात रूपांतर होतं आणि त्याचं आकारमान सुमारे सहाशेपटीनं कमी होतं. असा द्रव जहाजातून आणायचा, किनाऱ्यावर पुन्हा त्याचा वायू करायचा आणि पाइपलाइननं देशात पोचवायचा, अशी ती योजना. ऑरेगनमध्ये त्या काळात असे तीन प्रस्ताव होते. कोलंबिया नदीवरच्या ब्रॅडवूड लँडिंगला आयोगानं २००८ मध्ये मंजुरी दिली. त्याची कंपनी २०१० मध्ये दिवाळखोरीत निघाली. जॉर्डन कोव्हला डिसेंबर २००९ मध्ये मंजुरी मिळाली. या आयातीची देशाला गरज आहे, असं आयोगानं त्या वेळी लेखी म्हटलं होतं.

ती गरज दोन-तीन वर्षांत नाहीशी झाली. शेल खडकातून वायू काढण्याचं तंत्र पसरलं आणि अमेरिकेत वायूचा महापूर आला. वायोमिंगमधल्या ओपलपासून ऑरेगनच्या सीमेवरच्या मॅलिन गावापर्यंत ६८० मैलांची ‘रूबी’ पाइपलाइन जुलै २०११ मध्ये सुरू झाली. रॉकी पर्वतातला स्वस्त वायू पॅसिफिकच्या उंबरठ्यावर येऊन ठेपला. त्याच वर्षी मार्चमध्ये फुकुशिमाची दुर्घटना झाली होती. जपाननं अणुभट्ट्या बंद केल्या आणि तिथून द्रवरूप वायूला मोठी मागणी आली. एप्रिल २०१२ मध्ये आयोगानं जॉर्डन कोव्हची आयातीची मंजुरी रद्द केली. पुढच्याच वर्षी कंपनी निर्यातीचा अर्ज घेऊन परत आली.

जागा तीच, पाइपलाइनचा मार्गही जवळजवळ तोच. फक्त वायूची दिशा उलटी झाली होती. मार्गावरच्या शेतकऱ्यांच्या आणि जंगलमालकांच्या मनात एक प्रश्न इथेच रुजला. देशाला वायू आणायचा आहे म्हणून आधी जमीन मागितली. आता देशातला वायू बाहेर पाठवायचा आहे म्हणून तीच जमीन मागता. मग ‘सार्वजनिक गरज’ म्हणजे नेमकी कुणाची गरज?

हा प्रश्न विचारण्याचं व्यासपीठ त्यांना पर्यावरण परीक्षणानं दिलं. जानेवारी १९६९ मध्ये कॅलिफोर्नियात सांता बार्बराच्या किनाऱ्याजवळ समुद्रातली तेलविहीर फुटली आणि काळ्या तवंगाची छायाचित्रं देशभर पोचली. त्या वर्षाअखेरीस संसदेनं राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायदा संमत केला आणि १ जानेवारी १९७० रोजी अध्यक्ष निक्सन यांनी त्यावर सही केली. केंद्र सरकारचं कुठलंही खातं मोठ्या प्रकल्पाला परवानगी देणार असेल, तर आधी त्याचे परिणाम लेखी मांडायचे, पर्याय तपासायचे, मसुदा लोकांपुढे ठेवायचा आणि आलेल्या हरकतींना उत्तरं द्यायची, असं हा कायदा सांगतो. जगातल्या अनेक देशांनी पुढे हाच नमुना उचलला. भारतात पर्यावरणीय आघात मूल्यांकनाची अधिसूचना १९९४ मध्ये निघाली आणि जनसुनावणीची तरतूद १९९७ मध्ये आली.

मात्र या कायद्याच्या ताकदीला एक मर्यादा आहे. ऑरेगनच्या शेजारच्या वॉशिंग्टन राज्यात मेथाऊ खोऱ्यातल्या स्की-केंद्रावरून खटला झाला, तेव्हा १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती स्पष्ट केली. सरकारनं परिणाम नीट पाहिले पाहिजेत एवढंच हा कायदा म्हणतो. पाहून झाल्यावर प्रकल्प नाकारलाच पाहिजे, असं तो म्हणत नाही. अहवालात हानी कितीही स्पष्ट लिहिलेली असली, तरी अधिकारी ती वाचून मंजुरी देऊ शकतात.

दुसरीकडे, २००५ च्या ऊर्जा धोरण कायद्यानं किनाऱ्यावरच्या वायू टर्मिनलांची मंजुरी पूर्णपणे केंद्रीय आयोगाच्या हाती दिली. १९३८ च्या नैसर्गिक वायू कायद्यानुसार आयोगाचं प्रमाणपत्र मिळालेल्या पाइपलाइन कंपनीला खासगी जमीन सक्तीनं घेता येते. म्हणजे राज्यानं नको म्हटलं, जमीनमालकानं नको म्हटलं, तरी आयोगाचा होकार पुरेसा. पण २००५ च्या त्याच कायद्यात संसदेनं राज्यांसाठी तीन अधिकार राखून ठेवले होते. स्वच्छ जल कायदा, किनारपट्टी व्यवस्थापन कायदा आणि स्वच्छ हवा कायदा यांखाली राज्यांना असलेले हक्क अबाधित राहतील, असं त्यात लिहिलेलं होतं. जॉर्डन कोव्हचं भवितव्य पुढे या एका वाक्यावर ठरलं.

पाइपलाइन निघणार होती मॅलिनहून. २२९ मैल लांब, ३६ इंच व्यासाची. क्लॅमथ नदी ओलांडून ती कॅस्केड पर्वतरांगेत शिरणार, रोग नदीखालून जाणार, दक्षिण उम्पक्वाचं खोरं पार करून किनारी डोंगरांतून कूस बेपर्यंत येणार. वाटेत लहानमोठे तीनशेहून अधिक प्रवाह. बांधकामासाठी सर्वसाधारण ९५ फूट रुंदीचा पट्टा मोकळा करावा लागणार होता. डोंगरउतारावरच्या जंगलात असा पट्टा काढला की ओढ्यावरची सावली जाते, पाणी तापतं आणि पावसात माती वाहून येते. कोहो सॅमन या माशाला थंड, स्वच्छ पाणी आणि खडीचा तळ लागतो. गाळानं खडी भरली की तिच्यात घातलेली अंडी गुदमरतात. मोठ्या नद्यांच्या तळाखालून आडवं छिद्र पाडून पाइप सरकवण्याची योजना होती. त्यात वापरला जाणारा चिखल दाबाखाली तडे शोधत वर नदीत फुटण्याचा धोका असतो. मार्गाचा मोठा भाग केंद्र सरकारच्या जंगलांतून जात होता. स्पॉटेड आउल आणि मार्बल्ड मर्लेट या पक्ष्यांसाठी राखलेल्या जुन्या जंगलांतून तो नेता यावा, म्हणून वनखात्याला स्वतःच्याच व्यवस्थापन आराखड्यांत दुरुस्त्या कराव्या लागणार होत्या.

शिवाय प्रश्न भूकंपाचा. ऑरेगनच्या किनाऱ्यासमोर समुद्रतळाखाली कॅस्केडिया नावाचं क्षेत्र आहे; तिथे एक भूपट्ट दुसऱ्याखाली सरकतो. २६ जानेवारी १७०० च्या रात्री तिथे नऊ तीव्रतेच्या आसपासचा भूकंप झाला. त्याची नेमकी तारीख कळली ती जपानमधल्या जुन्या नोंदींवरून. भूकंप न जाणवताच आलेल्या एका त्सुनामीची तिथल्या गावांनी नोंद करून ठेवली होती. टर्मिनलची जागा याच किनाऱ्यावर, त्सुनामीच्या टप्प्यात. कंपनीचं म्हणणं होतं की भराव घालून जागा उंच केली जाईल. राज्याच्या भूगर्भ विभागानं या गणितांबद्दल पुन्हा पुन्हा शंका नोंदवल्या.

हे सगळं २०१४ च्या मसुदा अहवालात आणि २०१५ च्या अंतिम अहवालात होतं, आणि तरी त्यांचा एकूण सूर अनुकूल होता. म्हणूनच मार्च २०१६ चा नकार अनपेक्षित ठरला. आयोगानं हिशेब मांडला तो असा: खासगी जमिनीतून जाणारा मार्ग सुमारे १५७ मैलांचा, जमीनमालक सुमारे ६३०. कंपनीनं मिळवलेले कायमस्वरूपी वहिवाटीचे हक्क लागणाऱ्या जमिनीच्या जेमतेम पाच टक्के. उरलेल्यांनी सही दिलेली नव्हती. एका बाजूला एवढ्या लोकांची अनिच्छा, दुसऱ्या बाजूला गिऱ्हाईकांचा एकही करार नाही. मग सार्वजनिक हिताचं पारडं जड कसं म्हणायचं?

इथे जमीनमालकांचं श्रेय मान्य करायला हवं. यातले बरेच जण पर्यावरणवादी म्हणवून घेणारे नव्हते. कुणी गुरं पाळत होतं, कुणी लाकडासाठी झाडं लावली होती, कुणी निवृत्तीनंतर नदीकाठी घर बांधलं होतं. त्यातल्या कित्येकांनी राजकारणात उजव्या पक्षाला मत दिलेलं. त्यांचा आग्रह साधा होता, की आमची जमीन आमची आहे. दहा वर्षांहून जास्त काळ त्यांनी करारावर सही करायचं नाकारलं, प्रत्येक मसुदा वाचला, प्रत्येक मुदतीत हरकत नोंदवली. आयोगाच्या आदेशातल्या त्या पाच टक्क्यांमागे हे चिकाटीचं काम होतं.

आदेश निघाल्यावर काही आठवड्यांतच कंपनीनं जेरा आणि इटोचू या दोन जपानी कंपन्यांबरोबर प्राथमिक करार जाहीर केले आणि फेरविचाराची मागणी केली. डिसेंबर २०१६ मध्ये आयोगानं तीही फेटाळली. पण जानेवारीत वॉशिंग्टनमधलं सरकार बदललं. वायव्य किनाऱ्यावरच्या वायू टर्मिनलला आपण मंजुरी देणार, असं अध्यक्ष ट्रम्प यांचे आर्थिक सल्लागार गॅरी कोन यांनी एप्रिल २०१७ मध्ये जाहीरपणे सांगून टाकलं. सप्टेंबर २०१७ मध्ये नवा अर्ज दाखल झाला. त्याच सुमारास कॅल्गरीच्या व्हेरेसन कंपनीकडून प्रकल्प त्याच शहरातल्या पेम्बिना कंपनीकडे गेला.

तोवर अमेरिकी शेल वायूची निर्यात कल्पनेतून प्रत्यक्षात आली होती. लुइझियानातल्या सबीन पास टर्मिनलमधून पहिलं जहाज फेब्रुवारी २०१६ मध्ये निघालं होतं. याच टर्मिनलशी भारताच्या ‘गेल’ कंपनीचा वीस वर्षांचा करार आहे. त्या करारातलं पहिलं जहाज ३० मार्च २०१८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या दाभोळला लागलं. एन्रॉनच्या वीज प्रकल्पासाठी आखलेल्या त्या जेट्टीवर अमेरिकेतल्या शेल खडकांतला वायू उतरला.

नव्या अर्जातलं टर्मिनल आधीपेक्षा मोठं होतं. वर्षाला ७८ लाख टन द्रवरूप वायू, एक लाख साठ हजार घनमीटरच्या दोन टाक्या, दरसाल शंभराहून जास्त जहाजं. खर्चाचा अंदाज दहा अब्ज डॉलरच्या घरात. ऐन बांधकामात सहा हजार कामगार, पुढे कायमच्या नोकऱ्या सुमारे दोनशे. बांधकाम कामगारांच्या संघटना प्रकल्पाच्या बाजूनं ठामपणे उभ्या होत्या आणि त्यांची बाजू खोटी नव्हती. लाकडाचा धंदा गेल्यापासून या भागात चांगल्या पगाराचं काम दुर्मिळ झालं होतं. मे २०१७ मध्ये कूस काउंटीत प्रकल्प रोखणाऱ्या स्थानिक ठरावावर मतदान झालं, तेव्हा मतदारांनी तो ठराव मोठ्या फरकानं फेटाळला.

विरोध पसरला तो खाडीच्या पलीकडे, पाइपलाइनच्या वाटेनं. क्लॅमथ, युरोक, कारूक या मूळनिवासी जमातींसाठी क्लॅमथ नदी आणि तिच्यातला सॅमन हा अन्नाचा, विधींचा आणि कायदेशीर हक्कांचा विषय होता. सप्टेंबर २००२ मध्ये खालच्या क्लॅमथमध्ये कमी आणि गरम पाण्यामुळे रोग पसरून हजारो सॅमन मेले होते. ती दुर्गंधी डोळ्यांदेखत अनुभवलेली माणसं आता सुनावण्यांत बोलत होती. कूस, लोअर उम्पक्वा आणि साय्यूस्लॉ या जमातींच्या महासंघानं खाडीभोवतीचा सगळा परिसर पूर्वजांची गावं, दफनभूमी आणि मासेमारीच्या जागा यांचं सांस्कृतिक स्थळ म्हणून ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदवण्याचा प्रस्ताव मांडला. त्यांच्या दृष्टीनं खाडीच्या तळातला गाळ उपसणं म्हणजे पूर्वजांच्या खुणा उपसणं होतं.

जानेवारी २०१९ मध्ये राज्याच्या भूमी विभागानं क्लॅमथ फॉल्सपासून राजधानी सेलमपर्यंत सुनावण्या घेतल्या, तेव्हा सभागृहं अपुरी पडली. पाणथळ जागेतली माती काढण्याच्या आणि भराव टाकण्याच्या एका परवान्यासाठी हजारो लोक आले आणि लेखी हरकती व सूचनांचा आकडा दहा हजारांच्या कितीतरी वर गेला. ऑरेगनला अशा सभांची सवय आहे. समुद्रकिनारा सगळ्यांचा, हे तत्त्व या राज्यानं १९१३ मध्ये गव्हर्नर ऑस्वल्ड वेस्ट यांच्या काळात कायद्यात आणलं, १९६७ मध्ये पक्कं केलं, आणि १९७३ मध्ये राज्यभर जमीनवापराचं नियोजन सुरू केलं. आपल्या पाण्याबद्दल, किनाऱ्याबद्दल आपल्याला विचारलं गेलंच पाहिजे, असं इथले लोक धरून चालतात.

६ मे २०१९ रोजी राज्याच्या पर्यावरण विभागानं जलप्रमाणपत्र नाकारलं. स्वच्छ जल कायद्याच्या ४०१ व्या कलमानुसार केंद्राच्या परवान्याआधी राज्यानं सांगायचं असतं, की या कामानंतरही आमच्या पाण्याचा दर्जा नियमांत राहील. विभागानं म्हटलं, तशी खात्री कंपनीच्या कागदपत्रांतून मिळत नाही. ओढ्यांचं तापमान वाढेल, गाळ वाहून येईल, नदीखालच्या छिद्रातून चिखल फुटू शकेल. यावर समाधानकारक उत्तर नाही. कंपनीला पुन्हा अर्ज करण्याची मुभा ठेवली होती.

१५ नोव्हेंबर २०१९ ला केंद्रीय आयोगाचा नवा अंतिम अहवाल आला. चार वर्षांपूर्वीच्या अहवालापेक्षा तो अधिक मोकळेपणानं बोलत होता. बांधकामाच्या काळात गावात राहायला घरं मिळणार नाहीत, आवाजाचा त्रास गंभीर असेल आणि खाडीचं रूप कायमचं बदलेल, हे त्यानं महत्त्वाचे दुष्परिणाम म्हणून मान्य केलं. खाडीपलीकडच्या विमानतळावरच्या वाहतुकीलाही अडथळा होणार होता. स्पॉटेड आउल, मार्बल्ड मर्लेट आणि कोहो सॅमन यांच्यावर प्रतिकूल परिणाम होण्याची शक्यता त्यात नोंदवली होती. हवामानबदलाच्या बाबतीत मात्र अहवाल अडखळला. ऑरेगननं २०५० साठी ठरवलेल्या हरितगृह वायूंच्या एकूण मर्यादेपैकी १५.३ टक्के वाटा हा एकटा प्रकल्प खाईल, असं गणित पुढे आलं. तरी हे प्रमाण गंभीर आहे की नाही हे ठरवण्याची सर्वमान्य पद्धत नाही, असं सांगून आयोगानं निष्कर्ष काढणं टाळलं. आयोगाचे एक सदस्य रिचर्ड ग्लिक यांनी पुढे यावरच कडाडून असहमती नोंदवली. परिणाम किती हे मोजता येतं, पण तो मोठा की लहान हे सांगता येत नाही, असं म्हणणारं परीक्षण अपुरं आहे, हा त्यांच्या असहमतीचा गाभा होता.

त्याच महिन्यात सेलममध्ये गव्हर्नर केट ब्राउन यांच्या कार्यालयात आंदोलक ठाण मांडून बसले आणि रात्री एकवीस जणांना अटक झाली. गव्हर्नर तोवर प्रकल्पाबद्दल भूमिका घ्यायचं टाळत होत्या.

यानंतरच्या घडामोडी वेगानं झाल्या. भूमी विभागानं आणखी मुदत द्यायला नकार दिल्यावर जानेवारी २०२० मध्ये कंपनीनं भरावाच्या परवान्याचा अर्जच मागे घेतला. १९ फेब्रुवारीला राज्याच्या जमीन आणि किनारा विभागानं किनारपट्टी कायद्याखाली हरकत घेतली. मासेमारी, जहाजवाहतूक, दुर्मिळ प्रजाती आणि खाडीचं सौंदर्य यांना धक्का बसेल, असं तीत म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी आयोगाची बैठक होती. मंजुरी अपेक्षित असताना बर्नार्ड मॅकनामी या सदस्यानं राज्याची हरकत वाचायला वेळ हवा म्हणून विरोधात मत दिलं आणि निर्णय लांबला. १९ मार्च २०२० रोजी, करोनाच्या साथीनं देश बंद होत असताना, आयोगानं दोन विरुद्ध एक मतानं मंजुरी दिली. जमीनमालक घरात अडकलेले होते आणि सक्तीच्या भूसंपादनाचा अधिकार कंपनीच्या हाती आला होता.

आता उरले होते राज्याचे राखून ठेवलेले अधिकार. कंपनीनं ते एकेक करून बाजूला सारायचा प्रयत्न केला. जलप्रमाणपत्राबाबत तिनं आयोगाला सांगितलं, की ऑरेगननं हा हक्क गमावलेला आहे, तसं जाहीर करा. १९ जानेवारी २०२१ रोजी आयोगानं ही मागणी नाकारली. किनारा विभागाच्या हरकतीविरुद्ध तिनं केंद्रीय वाणिज्य मंत्र्यांकडे अपील केलं. ८ फेब्रुवारीला तिथूनही निकाल आला आणि ऑरेगनची हरकत कायम राहिली. एप्रिलमध्ये पेम्बिनानं काम थांबवलं. १ डिसेंबर २०२१ रोजी तिनं आयोगाला कळवलं, की प्रकल्प पुढे न्यायचा नाही. पंधरवड्यानं, १६ डिसेंबरला, आयोगानं मंजुरी रद्द केली. मार्गावरच्या जमिनींवरची सक्तीच्या भूसंपादनाची टांगती तलवार गेली. त्या जमिनींवर घर वाढवावं की नाही, झाडं तोडावी की ठेवावी, जमीन विकावी तर कुणाला, असे साधे निर्णय लोकांनी दीड दशक लांबणीवर टाकलेले होते.

या सतरा वर्षांचा हिशेब मांडताना एक गोष्ट स्पष्ट दिसते. केंद्राच्या पर्यावरण अहवालानं प्रकल्प थांबवला नाही. तो थांबवण्याची ताकद त्याला कायद्यानं दिलेलीच नव्हती. पण अहवालामुळे प्रत्येक ओढा, प्रत्येक उतार, प्रत्येक प्रजाती कागदावर आली. कंपनीला दावे लेखी करावे लागले. त्या कागदांच्या आधारे राज्याच्या पर्यावरण विभागाचे अभियंते विचारू शकले, की या ओढ्याचं पाणी किती तापेल. जमीनमालक विचारू शकले, की हा वायू घेणार कोण. नकार देण्याचा खरा अधिकार राज्याच्या पाण्याला आणि किनाऱ्याला होता, आणि तो वापरण्यासाठी लागणारी माहिती परीक्षणानं पुरवली. या दोहोंपैकी एक जरी नसतं, तरी आज नॉर्थ स्पिटवर टाक्या दिसल्या असत्या.

म्हणूनच त्यानंतरच्या घटना काळजीनं पाहायला हव्यात. २०२० मध्ये केंद्राच्या पर्यावरण संस्थेनं नियम बदलून राज्यांचा जलप्रमाणपत्राचा अधिकार आवळला. २०२३ मध्ये नव्या सरकारनं तो पुन्हा सैल केला. मे २०२५ मध्ये युटातल्या तेल वाहतुकीच्या रेल्वेमार्गाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं पर्यावरण परीक्षणाची व्याप्ती अरुंद केली. प्रकल्पाच्या आधी आणि नंतर दूरवर होणारे परिणाम तपासायला सरकारी खातं बांधलेलं नाही, असं न्यायालयानं ठरवलं. जॉर्डन कोव्हच्या वेळी ज्या प्रश्नांना लेखी उत्तर द्यावं लागलं, त्यातले काही प्रश्न यापुढे फायलीत येणारच नाहीत, अशी भीती रास्त आहे.

क्लॅमथ नदीची बातमी मात्र चांगली आहे. याच आयोगानं नोव्हेंबर २०२२ मध्ये क्लॅमथवरची चार जुनी धरणं पाडायला परवानगी दिली. २०२४ च्या शरदापर्यंत ती पाडून झाली आणि त्याच ऑक्टोबरमध्ये शंभराहून अधिक वर्षांनी सॅमन पोहत ऑरेगनच्या हद्दीतल्या उपनद्यांत पोचले. युरोक आणि कारूक जमातींनी धरणांविरुद्ध आणि पाइपलाइनविरुद्ध एकाच काळात, बऱ्याचदा त्याच माणसांच्या बळावर, लढा दिला होता.

कूस बेला कामाची गरज अजून आहे. त्याच नॉर्थ स्पिटवर आता रेल्वेला जोडलेलं कंटेनर बंदर उभारण्याची योजना आहे, आणि त्यासाठी जहाजांचा मार्ग आणखी खोल करावा लागेल. ईलग्रास या समुद्री गवताचे किती पट्टे जातील, उपसलेला गाळ कुठे टाकणार, खाडीत खारं पाणी किती आत शिरेल, खेकड्यांची पिल्लं कुठे वाढतील, याची उत्तरं नव्या प्रकल्पालाही द्यावी लागतील. स्वच्छ जल कायदा आणि किनारपट्टी कायदा त्यालाही लागू आहेत. जॉर्डन कोव्हच्या काळात खाडीबद्दल जमवलेली हजारो पानं सार्वजनिक नोंदीत उपलब्ध आहेत, आणि या वेळी तपासणीची सुरुवात त्यांच्यापासून करता येईल.